क्लच प्लेटला लावलेलं कुंकू

माझ्यामुळे एका चांगल्या मिस्त्रीचं काम सुटलं. तो पिणारा नव्हता, चोर नव्हता, कामात टंगळमंगळ करणारा नव्हता. चूक माझी होती आणि नाव त्याचं खराब झालं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी आठ महिने तोंड उघडलं नाही.

आमचं गॅरेज सडक अर्जुनीला, हायवेला लागून आहे. नवऱ्याने सुरू केलं, ते वारल्यावर मुलगा चालवतो. घर गॅरेजच्या मागेच. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण चाळीस वर्षं गॅरेजच्या दारात बसून काढली, त्यामुळे गाडीच्या पोटात काय असतं ते मला बऱ्यापैकी कळतं.

मिस्त्री केशोरीचा. नवऱ्याच्या वेळेपासून आमच्याकडे होता. आठवडाभर मागच्या खोलीत राहायचा, शनिवारी गावी जायचा आणि सोमवारी पहिल्या बसने हजर. मला वयनी म्हणायचा. क्लचच्या कामात त्याच्यासारखा हात आमच्या भागात दुसऱ्याचा नव्हता. ट्रकवाले रस्त्यातली चार गॅरेजं सोडून आमच्याकडे यायचे, ते त्याच्यासाठी. मुलाला ते आवडायचं आणि टोचायचंही.

क्लच कसा चालतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाच्या पाठीला एक जड लोखंडी चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्या चाकाला लागून जेवायच्या ताटाएवढी एक गोल प्लेट बसते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असतं. मागून प्रेशर प्लेट तिला चाकावर दाबून धरते. पायाने क्लच दाबला की पकड सुटते, पाय उचलला की पकड बसते आणि गाडी पुढे जाते. सगळं काम त्या खरखरीत अस्तराचं. ते कोरडं पाहिजे. तेलाचा हात लागला की ते घसरायला लागतं. मिस्त्री प्लेट हातात घ्यायच्या आधी कपडे धुवायच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि प्लेट फक्त कडेने धरायचा.

आमच्याकडे एक रीत होती. मोठं काम झालं, इंजिन खोलून बसवलं, की गाडी बाहेर काढायच्या आधी मी तिला कुंकू लावायची. लोखंडाला कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून मी ते जवसाच्या तेलात कालवायची. माझी सासू नांगराच्या फाळाला तसंच लावायची. नवऱ्याने फक्त एक नियम घालून दिला होता. कुंकू बॉनेटला लाव, हार आरशाला बांध, नारळ चाकापुढे फोड. प्लेटला आणि ब्रेकला बोट लावायचं नाही. एकदा मी स्वयंपाकातून उठून आले आणि तुपाच्या हाताने नवी प्लेट टेबलावर सरकवली. मिस्त्री धावत आला.

"वयनी, त्या प्लेटले बोट लावण्यापेक्षा माझ्या दोन थोबाडीत मारा. चालते मले."

"मारीन एखाद्या दिवशी," मी म्हटलं.

नवरा हसला होता. म्हणजे मला नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

ती गाडी गोंदियाहून आली. तिथल्या एका राइस मिलवाल्याचा मुलगा, तिशीचा असेल, त्याची. दोन दारांची, पिवळी, जमिनीला टेकल्यासारखी. आदल्या वर्षी ती आमच्या गॅरेजसमोरच बंद पडली होती आणि मिस्त्रीने अर्ध्या तासात चालू करून दिली होती. तेव्हापासून त्या मुलाचा मिस्त्रीवर जीव बसला. त्याने बाहेर कुठेतरी इंजिनाचा जोर वाढवून घेतला होता. आता जुना क्लच तो जोर धरत नव्हता. म्हणून त्याने परदेशातून भारी क्लच आणि हलकं फ्लायव्हील मागवलं. शोरूममध्ये बाहेरचं सामान बसवत नाहीत, तेव्हा खोकी घेऊन तो आमच्याकडे आला.

गाडी आत घेतानाच तमाशा झाला. उंबरठ्यावर तिचं पोट घासायला लागलं. मग फळ्या टाकल्या, फळ्यांखाली कोंड्याची पोती टाकली आणि इंचाइंचाने आत घेतली.

मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "ही गाडी हाय का चप्पल? हिच्या खाली शिरायले घोरपड पाहिजे."

"मिस्त्रीजी, आप दुबले हो, घुस जाओगे," गाडीवाला म्हणाला.

"घुस तो जाऊंगा. निकालेगा कौन?"

त्यांची अशी मस्करी चालू होती, पण माझा मुलगा हसत नव्हता. चार दिवसांपासून तो फोनवर तसल्या गाड्यांच्या कामांचे व्हिडिओ बघत होता. जेवताना बघायचा, भात ताटात तसाच राहायचा. गोंदियात अशा गाड्या ठेवणारे आणखी चार-पाच जण आहेत आणि हे काम जमलं तर तेही येतील, असं गाडीवाल्याने त्याला सांगितलं होतं. त्याला ट्रकच्या चिखलातून वर यायचं होतं. त्यात काही वाईट नाही. त्याच्या बापालाही तसंच वाटायचं.

दोन दिवसांत गिअरबॉक्स उतरला, जुना क्लच निघाला, जुनं चाक निघालं. ते चाक मी उचलून पाहिलं, मला उचलेना. नवं मी एका हाताने उचललं.

"मिस्त्री, एवढं हलकं कसं? हे चाक आहे का पापड?"

"हलकंच पाहिजे जी त्याले. जड चाक सावकाश फिरते, फिरलं का मग थांबत नाही. हे पायासरशी फिरन अन् पायासरशी थांबन. गाडी उडी मारन. पन उभ्या उभ्या खडखड करन, ते सांगून ठेवलो मी मालकाले."

तिसऱ्या दिवशी सकाळी नवं सामान बसणार होतं. गाडीवाला ते बघायला मुद्दाम आला होता. मी आंघोळ करून थाळी घेऊन गेले. कामाला हात लावायच्या आधीच कुंकू लावावं असं मला वाटलं, कारण मुलाचा चेहरा मला बघवत नव्हता. बॉनेटपर्यंत पोचले आणि गाडीवाला मधे आला.

"नहीं नहीं, अम्माजी. पेंट पे कोटिंग करवाई है. टीका-वीका कुछ नहीं."

मी मुलाकडे पाहिलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, राहू दे ना. जाय तू घरात."

मी परत आले. थाळी ओट्यावर ठेवली. त्या वेळी मला राग आला होता हे मी लपवत नाही. जे गॅरेज मी नवऱ्याबरोबर उभं केलं, त्यात मला घरात जा म्हणतात. पण रागापेक्षा मला धास्ती जास्त वाटत होती. पहिली भारी गाडी आणि तिला कुंकूही नाही. बिघडलं तर? असं माझ्या डोक्यात बसलं.

दुपारी मुलगा गाडीवाल्याला घेऊन ढाब्यावर जेवायला गेला. मिस्त्रीने नवं चाक थिनरने पुसून बसवलं होतं आणि बोल्ट आवळून झाले होते. प्रेशर प्लेटही पुसून ठेवली होती. क्लच प्लेट तिच्या कागदात टेबलावर होती, जेवल्यावर ती बसवणार होता. तो मागच्या नळावर हात धुऊन डबा खायला बसला.

मी कुंकवाची वाटी घेऊन आत गेले. कागद उघडला. पाच बोटं लावली आणि मधे एक स्वस्तिक काढलं. बाहेरून कोणाला दिसणार नव्हतं, रंगाला लागणार नव्हतं. गाडीवाल्याचंही राहिलं आणि माझंही झालं, असा मी विचार केला. नियम आठवत होता. पण एवढ्याशा तेलाने काय होतं, असंही मीच मला सांगितलं.

मिस्त्रीच्या खोकल्याचा आवाज आला. तेव्हा मी घाबरले. लाल स्वस्तिक बघून तो बोंब मारेल, मुलगा आणि गाडीवाला येतील, पुन्हा तमाशा. मी पदराने प्लेट पुसली. रंग पदराला आला. अस्तर तपकिरी, त्यावर काही उरलेलं दिसलं नाही. कागद होता तसा गुंडाळला आणि बाहेर आले. मी लाल पुसलं होतं. तेल अस्तरात गेलं होतं. पुसल्याने ते आणखी पसरलं होतं, हे मला नंतर कळलं.

मिस्त्रीने साबणाने हात धुतले, प्लेट कडेने धरली, बसवली. गिअरबॉक्सच्या दांड्याला खाचा असतात, त्यावर प्लेट सरकते. त्या खाचांना किंचितच ग्रीस लावावं लागतं, जास्त झालं तर ते उडून अस्तरावर जातं. त्याने ते बेताने लावलं. संध्याकाळपर्यंत गाडी जोडून झाली. गाडीवाला एक चक्कर मारून आला तो तोंडभर हसत. मिस्त्रीने त्याला बजावून सांगितलं की पंधरा दिवस सांभाळून चालव, नवी प्लेट आधी बसू दे. मुलाने त्या दिवशी ताटातला सगळा भात खाल्ला. मी मनात म्हटलं, बघा, कुंकू लागलंच.

दहा दिवसांनी गाडी परत आली. आत शिरायच्या आधीच जळका वास आला. नागपूरहून येताना चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी सरकत नव्हती, असं गाडीवाला म्हणाला. जागेवरून उठवताना थरथरते, असंही म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

पुन्हा फळ्या, पुन्हा पोती, पुन्हा गिअरबॉक्स खाली. मुलाने स्वतः प्लेट काढली आणि उजेडात धरली. एका अंगाला काळा चकचकीत पट्टा होता. कढईला जुनं तेल चिकटून बसतं, तसा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बघताक्षणी मला कळलं. माझ्या पदराने पुसलं होतं त्याच रुंदीचा पट्टा होता.

मुलाने इंजिनाच्या मागचं, तेल अडवून धरणारं ऑइल सील तपासलं. कोरडं होतं. मग तो मिस्त्रीकडे वळला.

"काका, खाचांना ग्रीस किती लावलं होतं?"

"चिमूटभर. जेवढं लावतो तेवढंच."

"चिमूटभर ग्रीसनं एवढं होते?"

"नाही होत."

"मग तेल आभाळातून पडलं काय?"

बाहेर दोन ट्रकवाले उभे होते, ते आत डोकावले. गाडीवाला म्हणाला, "मिस्त्रीजी, आप पे भरोसा करके लाया था." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

"काका, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी पाहून राहिलो," मुलगा म्हणाला. "दिसत नाही तर सांगायचं ना. मी लावलो असतो."

मिस्त्रीचा एका डोळ्याचा मोतीबिंदू आदल्या वर्षी काढला होता. त्याने मुलाच्या हातातून प्लेट घेतली, नाकाजवळ नेली, वास घेतला. जळक्या वासात काय कळणार? मग त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, अंगठा बोटावर घासून पाहिला, जणू ग्रीस अजून तिथेच आहे.

त्या वेळी मला बोलायचं होतं. सगळे माझ्यापासून चार हातांवर होते. मी म्हटलं, "चहा थंड होऊन राहिला."

हे एवढंच मी बोलले. मी किती खाली गेले होते ते मला या वाक्यावरून कळतं.

"असन," मिस्त्री म्हणाला. "माझ्यानंच झालं असन. डोरा बरोबर नाही माझा."

त्याने चहा घेतला नाही. शनिवारी तो गावी गेला आणि सोमवारच्या बसने आला नाही. पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला की माझी पान्यांची पेटी पाठवून द्या. मुलाने पाठवून दिली. थांबवलं नाही.

दुसरी प्लेट यायला दीड महिना लागला. ती मुलाने एकट्याने बसवली, पायरी पायरीला फोनमध्ये फोटो काढून. गाडी छान चालली. आता सगळ्यांना खात्री झाली की पहिल्या वेळी मिस्त्रीचाच हात चुकला होता. ढाब्यावर तशीच चर्चा. ट्रकवाले मला विचारायचे, "माताजी, वो बुड्ढा मिस्त्री गया?" मी म्हणायची, "गया."

मी का बोलले नाही, याचं काही चांगलं कारण माझ्याकडे नाही. मुलगा मला गॅरेजमध्ये पाय ठेवू देणार नाही, ही भीती होती. गाडीवाला गोंदियाभर हसेल, मुलाचं नाव जाईल, हीही होती. मिस्त्रीचं वय झालंच होतं, आज ना उद्या गेलाच असता, असंही मी स्वतःला समजावलं. हे सगळ्यात वाईट. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, पोळा झाला. दसऱ्याला मुलाने अवजारं मांडली आणि म्हणाला, "माय, कुंकू लाव." मी लावलं. नेहमीसारखंच, जवसाच्या तेलात कालवून.

दिवाळीनंतर मिस्त्रीची बायको आमच्याकडच्या आठवडी बाजारात आली होती. मला टाळून जात होती, मीच हाक मारली.

"कसा आहे मिस्त्री?"

"बसून राह्यते," ती म्हणाली. "शेजारचा ट्रॅक्टरचा क्लच घेऊन आला होता, तर हात नाही लावला. म्हणते, माझ्या हाताचा भरोसा नाही. सायकलची चेन पडली तरी दुसऱ्याले बसवाले सांगते. तुमच्या घरी काय झालं जी, बाई? तो तर काही सांगत नाही."

मला तोपर्यंत वाटत होतं की त्याने केशोरीत काम सुरू केलं असेल. त्याचं आमच्याकडचंच नाही, सगळंच काम बंद झालं होतं, आणि ते माझ्या पाच बोटांनी. मी तिला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला न सांगता केशोरीच्या बसमध्ये बसले.

मिस्त्री अंगणात खाटेवर बसला होता. शेजारी खळ्यात धानाची मळणी चालू होती, कोंडा उडत होता. मला बघून तो उठला.

"वयनी? तुमी? बसा ना जी. काऊन, घरी सगळं बरं हाय ना?"

बायकोने पाणी दिलं. मी पाणी खाली ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. कागद उघडला, कुंकू लावलं, पदराने पुसलं, परत गुंडाळलं. रडले वगैरे नाही. रडणं मला जमत नाही, आणि तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

तो परत खाटेवर बसला. मग त्याने विचारलं, "तेल कोनतं होतं?"

"जवसाचं."

"जवसाचं तेल तापलं का वार्निश होते. वास नाही राहात त्याचा." त्याने तळहात पालथा करून दाखवला. "लावलं ते एकाच अंगाले ना? वरच्या?"

"एकाच."

"एकाच अंगाले पट्टा होता. मी पाहिलो होतो. ग्रीस उडालं असतं तर चौफेर उडालं असतं, दोन्ही अंगाले. त्याच वेळी माझ्या मनात आलं होतं. पन बोललो नाही, कारण म्हटलं, आपल्याले नीट दिसतच नाही तर काय बोलावं." त्याचा आवाज चढला. बायको चुलीपासून उठून दारात आली. "आठ महिने मी ते ग्रीस मोजून राहिलो, वयनी. चिमूट होती का बोट होतं. खाचेत लावलो का बाहेर लागलं. आठ महिने. अन् तुमी तिथं उभ्या होत्या."

"होते."

"चहा घेऊन उभ्या होत्या."

"हो. चुकलं माझं. माफी मागायला आले."

"माफीचं मी काय करू जी? ते आठ महिने द्या माझे."

बायको म्हणाली, "असू द्या आता, म्हाताऱ्या बाईले," तर तो तिच्यावरच खेकसला, "म्हातारी हाय तर मी काय पोट्टा हाय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्यासमोर सांगून काय होते? ज्यायच्यासमोर माझी इज्जत गेली, त्यायच्यासमोर सांगा. अन् त्या गाडीच्या मालकाच्या तोंडून मले आयकू द्या."

मी दुपारच्या बसने परत आले. पदर खोचला आणि सरळ गॅरेजमध्ये गेले. मुलगा एका ट्रकखाली होता, ट्रकवाला आणि त्याचा सोबती बाजूला बिडी ओढत बसले होते. मी म्हटलं, बाहेर ये. तो आला. मी त्या दोघांसमोर सांगितलं. ट्रकवाल्याने बिडी विझवली. मुलाने हातातला पाना खाली ठेवला.

"माय, तेव्हाच काऊन नाही सांगितलंस?"

"तुला भ्यायले."

"मले?" तो खाली बसला. "मी काकाले डोळ्यावरून बोललो. सगळ्यायसमोर."

"हो. आता गाडीवाल्याला फोन लाव."

त्याने लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मी सांगत गेले, मुलगा हिंदीत सांगत गेला. गाडीवाला मोठ्याने हसला.

"अरे अम्माजी, इतनी सी बात? क्लच पे कुमकुम? ये तो दोस्तों को बताना पड़ेगा."

"हसो मत," मी म्हटलं. माझी हिंदी तेवढीच. "उसको फोन करो. मिस्त्री को. तुम्हारे मुंह से बोलो, गलती उसकी नहीं थी."

"हां हां, कर दूंगा."

त्याने केला नाही. त्याच्यासाठी ती गंमत होती, गाडी तर चालत होती. मी मुलाला दुसऱ्या दिवशी फोन लावायला लावला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी मुलाला म्हटलं, मला मोटारसायकलवर बसव, मी त्याच्या मिलमध्ये जाऊन बसते. हे मुलाने त्याला कळवलं असावं, कारण त्याच संध्याकाळी त्याने केशोरीला फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही. मिस्त्रीने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नंतर मुलगा स्वतः केशोरीला जाऊन आला. मिस्त्रीने त्याला चहा पाजला, मुलाबाळांची विचारपूस केली, आणि परत येणार नाही म्हणून सांगितलं. "तू मले विचारायच्या आधी ठरवून मोकळा झाला होतास," एवढं म्हणाला म्हणे. मुलगा घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला, पण नव्या सामानाच्या कपाटाला त्याने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवतो. मी त्याला विचारलं नाही की कुलूप कोणासाठी. चाळीस वर्षांत त्या कपाटाला कडीसुद्धा नव्हती.

गोंदियाच्या तसल्या गाड्या आणखी दोन आल्या. ट्रक मात्र कमी थांबतात. मुलाचा हात वाईट नाही, पण क्लच बसवल्यावर एकदाच दाबून बघून "झालं" म्हणणारा माणूस आता आमच्याकडे नाही. मुलगा दहा वेळा दाबून बघतो आणि तरी त्याला खात्री नसते.

यंदाच्या उन्हाळ्यात केशोरीला नात्यातल्या एकाचं लग्न होतं. मांडवातून निघून मी मिस्त्रीच्या घराकडे गेले. कशाला गेले ते नीट सांगता येत नाही. तो काम करतो का, एवढं बघायचं होतं. अंगणात ट्रॅक्टर मधून खोलून दोन भाग केलेला उभा होता. शेजारी दोन शेतकरी बसले होते आणि मिस्त्री त्यांच्यावर डाफरत होता की क्लचवर पाय ठेवून नांगरता, मग प्लेट जळणार नाही तर काय होणार. आवाज पूर्वीसारखाच होता. कोपरापर्यंत हात धुतलेले, ओले होते. खाटेवर कागद पसरून नवी प्लेट ठेवली होती.

मी फाटकातून आत आले. त्याने मला पाहिलं. काही बोलायच्या आधी तो खाटेकडे गेला, कागदाची दोन्ही टोकं प्लेटवर ओढून घेतली आणि वर एक पाना ठेवला.

मग म्हणाला, "या जी, वयनी. तिकडे बसा, ओसरीवर."

मी ओसरीवर जाऊन बसले. त्याने काम संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तिथून उठले नाही.